मे महिन्यात झिजते, जानेवारीत बसते

मोटारीच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटा सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. आम्लाची प्लेटांशी रासायनिक क्रिया झाली की वीज मिळते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँटे यांनी 1859 मध्ये ही बॅटरी तयार केली आणि आजही पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्या तिच्यावरच सुरू होतात. भरलेला प्रत्येक सेल सुमारे 2.1 व्होल्ट देतो, त्यामुळे ‘बारा व्होल्ट’ची म्हटली जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली असताना 12.6 व्होल्ट दाखवते.

थंडीत ही रासायनिक क्रिया मंदावते. आम्ल दाटसर होते, प्लेटांच्या सूक्ष्म छिद्रांत ते हळू झिरपते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. 25 अंशांच्या आसपास पूर्ण क्षमतेने काम करणारी बॅटरी शून्य अंशाला साधारण 80 टक्के क्षमता देते आणि उणे 18 अंशांना जेमतेम निम्मी. नेमके याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असते, म्हणून इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टरही काही क्षण शंभरहून अधिक अँपिअर ओढतो. पुरवठा कमी आणि मागणी जास्त, अशी ही कोंडी असते. शिवाय थंड बॅटरी चार्जही सावकाश घेते.

सोलापुरात पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो सहसा पंधराच्या आसपास असतो आणि एखाद्या कडाक्याच्या पहाटे दहापर्यंत उतरतो. एवढ्या थंडीने धडधाकट बॅटरीचे फारसे बिघडत नाही. तरीही जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक ऐकू येऊ शकते. त्याचे कारण आधीच्या उन्हाळ्यात शोधावे लागते.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीचे बॉनेट तापते. त्यात चालू इंजिनाची धग मिळाली की बॅटरीभोवतीचे तापमान 60 अंशांच्याही वर जाऊ शकते. तापमान दर 10 अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो आणि बॅटरीला मारक ठरणाऱ्या क्रियाही त्याला अपवाद नाहीत. धन प्लेटमधली शिशाची जाळी गंजत जाते, आम्लातले पाणी उडते आणि उघड्या पडलेल्या प्लेटा निकामी होतात. गाडी नुसती उभी असली तरी बॅटरी आपोआप उतरते, आणि तीही उन्हाळ्यात अधिक वेगाने. उतरलेल्या अवस्थेत ती फार दिवस राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. ही झीज उन्हाळ्यात लक्षात येत नाही, कारण उष्णतेने क्रिया वेगात असते आणि ऑइल पातळ असते, त्यामुळे अर्धीमुर्धी बॅटरीही सेल्फ मारते. हिवाळ्याची पहाट ही सवलत काढून घेते. म्हणूनच सोलापुरात बॅटरीची खरी काळजी होळीनंतर लगेच घ्यायला हवी. दिवाळीनंतर जाग आली तर बराच उशीर झालेला असतो.

पाणी घालता येणाऱ्या बॅटरीची पातळी उन्हाळ्यात दर महिन्याला पाहावी आणि कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि क्लोराइड प्लेटांची नासाडी करतात. वरून आम्लही घालू नये, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. गाडी सावलीत लावावी, बॅटरीची पकड घट्ट असावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून वर पेट्रोलियम जेली लावावी. वायर काढताना आधी ऋण आणि जोडताना आधी धन, हा क्रम पाळावा.

हिवाळा सुरू होण्यापूर्वी बॅटरी तपासून घेणे शहाणपणाचे. रात्रभर उभ्या गाडीत मीटरने 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 म्हणजे अर्धी आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मात्र जुनी बॅटरी नुसत्या मीटरवर ठीक दिसून ऐन वेळी दगा देऊ शकते, म्हणून दुकानात लोड टेस्ट करून घ्यावी. विशेषतः तीन वर्षांपेक्षा जुन्या बॅटरीची.

रोज घर ते बाजार एवढीच गाडी फिरत असेल तर सेल्फला लागलेली वीजही नीट भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग, होटगी किंवा तुळजापूरच्या रस्त्याला, गाडी चालवावी. थंड सकाळी दिवे, पंखा, टेप बंद ठेवून आणि क्लच दाबून सेल्फ मारावा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचा भार स्टार्टरवर येत नाही. सलग पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

लडाख किंवा स्पितीला गाडी नेणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे 50 अंशांनाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरते. ते उणे 10 अंशांच्या आसपास गोठून डबा फुटू शकतो. गोठलेली बॅटरी चार्जिंगला लावणे किंवा दुसऱ्या गाडीवरून जोडून स्टार्ट करणे धोक्याचे आहे.