जनावर बघावं तर बाजारच्या डोळ्यानं

मंडळी, अकलूजचा घोडेबाजार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी निदान त्याचं नाव तरी ऐकलेलं असेल. दिवाळीच्या सुमारास नीरेकाठच्या या गावात मारवाडी आणि काठेवाडी घोडे लांबलांबून येतात. त्या बाजारात जाणता माणूस जनावर कसं बघतो, ते जरा आठवा. आधी तो लांब उभा राहून घोड्याची चाल बघतो. मग जवळ येऊन मान, छाती, पाय, खूर असं एकेक न्याहाळतो. मारवाडी असेल तर कानांची टोकं आत वळून एकमेकांना लागतात की नाही, ते पाहतो. ओठ उचलून दातांवरून वय काढतो. अंगावरचे भोवरे तपासतो. घोडा विकत घ्यायचा नसला तरी त्याचा तास कसा जातो ते त्याला कळत नाही. कोणी विचारलं, "काय बघताय हो एवढं?" तर तो म्हणतो, "काही नाही, जनावर बघतोय."

आता हीच माणसं मुलाबाळांना घेऊन पुण्याच्या किंवा मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात जातात, तेव्हा काय होतं? "हा बघ वाघ. हा बघ अस्वल. चला, चला पुढं!" वाघाच्या वाट्याला एक मिनिट आणि बर्फाच्या गोळ्याला दहा. दोन तासांत सगळा बाग उरकतो. संध्याकाळी घरी आल्यावर आजी नातवाला विचारते, "काय रे पाहिलंस?" नातू म्हणतो, "वाघ पाहिला." "कसा होता?" "मोठा होता." एवढ्यावर गोष्ट संपते. दीडशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास, गाडीचं भाडं, भाकरीचं गाठोडं, सगळं करून पदरात काय पडलं? तर 'मोठा होता'!

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते याच गोष्टीवर. आवडतं जनावर डोळ्यांनी बघण्यात फार मोठा आनंद आहे. पण तिकीट काढल्याबरोबर तो हातात पडत नाही. तो बघणाऱ्याच्या नजरेत असतो, आणि ती नजर शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त ती आपण फाटकाबाहेर ठेवून आत जातो.

पूर्वी रानातलं जनावर आपल्या दारात यायचं. दरवेशी अस्वलाला घेऊन गल्लीत यायचा, माकडवाला यायचा, जत्रेला सर्कशीचा तंबू पडायचा. भारतीय सर्कशीचा पाया १८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी घातला, आणि ते मुळात घोडे शिकवणारे गृहस्थ होते, हे घोड्यांची आवड असणाऱ्या मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पण त्या खेळांमागं जनावरांचे हालही फार होते. अस्वलाच्या नाकात वेसण, वाघाच्या पाठीवर चाबूक. वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. पुढं १९९८ साली सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घातली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. आता जनावर आपल्याकडं येत नाही. आपणच त्याच्याकडं जायचं.

जायचं कुठं? आपल्याला सोयीचं म्हणजे पुण्याचं. पुण्याला ही आवड जुनी आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना प्राण्यांचा मोठा षोक. त्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट नावाच्या मराठी चित्रकारानं १७९० सालच्या नोव्हेंबरात काढलं. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे. जाता जाता सांगतो, गेंडा हा तुमच्या घोड्याचा लांबचा भाऊबंद बरं का! घोड्याच्या पायाला एक खूर, गेंड्याच्या प्रत्येक पायाला तीन. पण दोघांचं कूळ एक.

पुढं १९५३ साली पुण्यात पेशवे पार्क झालं. तिथं जागा अपुरी पडू लागली, म्हणून १९९९ साली कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पार्कातली जनावरं हळूहळू तिकडं नेली गेली. सुमारे १३० एकरांचा हा परिसर आहे, त्यात तळंही आहे. मुंबईची राणीची बाग त्याहून जुनी, १८६२ सालची; आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावं: ही दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात. बुधवारी सहल नेली तर मुलांना फाटकच बघून परतावं लागेल.

बरं, आत गेल्यावर बघायचं काय? चार उदाहरणं देतो.

चितळ आणि काळवीट घ्या. दोन्ही हरणं, असं आपण सरसकट म्हणतो. पण शिंगं बघा. चितळ नराच्या शिंगांना फाटे असतात, आणि ती दरवर्षी गळून नवी येतात. नवी शिंगं वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी लव असते. काळविटाचं शिंग आपल्या बैलासारखं: आत हाड, वर खोळ, आणि ते जन्मभर टिकतं. त्याला फाटा नाही, पीळ आहे. आता रवंथ करणारं चितळ शोधा. आपल्या गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे गुराखी पोराला सांगावं लागत नाही. चितळालाही ते नसतात. घोड्याला मात्र असतात. जो मुलगा गोठ्यात वाढला, त्याला इथं शहरातल्या मुलापेक्षा जास्त कळतं, आणि हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. इंग्रजी नावं पाठ असणाऱ्या मुलांपुढं तो एरवी बुजतो. इथं त्यानं गुरुजींनासुद्धा दोन गोष्टी सांगाव्यात.

वाघ बघताना त्याच्या कानांची मागची बाजू पाहा. काळ्या कानावर एकेक पांढरा ठिपका दिसेल. अंगावरचे पट्टे बघा. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकंच काय, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. जंगलात कॅमेरे बांधून वाघ मोजतात, ते या पट्ट्यांवरूनच. पाऊल टाकताना वाघाची नखं आत असतात, म्हणून त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात उमटतात. हे एकदा पाहिलं की गावच्या ओढ्यातल्या वाळूत उमटलेलं पाऊल बिबट्याचं की कुत्र्याचं, हे ओळखायची पहिली पायरी मुलाला सापडली.

अस्वलाचं तोंड बघा. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. दरवेशानं आपल्याला अस्वल नाचवून दाखवलं. पण ही करामत काही दाखवली नाही.

राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना ते बघता येऊ लागले. मुलांना वाटतं, पेंग्विन म्हणजे बर्फातला पक्षी. हे हम्बोल्ट पेंग्विन मात्र दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावरचे. तिथं बर्फ नसतो, समुद्राचा प्रवाह थंड असतो. प्रत्येकाच्या छातीवर काळे ठिपके असतात, आणि प्रत्येकाच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी. अर्धा तास काचेपुढं उभं राहिलं तर त्यांतला एक जण तुम्हाला ओळखू येऊ लागतो. "तो बघा आपला आला!" असं मूल ओरडतं, त्या क्षणी ते जनावर त्याचं झालं.

मासे बघायला पूर्वी सगळी शाळा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायची. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झालं होतं. अलीकडं ते बंद पडलं. पण म्हणून हळहळत बसायचं कारण नाही. शाळेत एक काचेची पेटी ठेवा आणि तिच्यात गप्पी मासे सोडा. हिवताप आणि डेंग्यू रोखण्यासाठी आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडतात, तेच हे मासे. डासांच्या अळ्या ते कसे टिपतात ते मुलांना दिसेल. या माशाची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, हेही दिसेल. माशाला पापणी नसते. पाण्यातली बारीक थरथर त्याला अंगावरच्या एका रेषेनं कळते; उजनीचा रोहू किंवा कटला बाजारात आला की त्याच्या कुशीवर ती रेषा बघून घ्या. म्हणूनच काचेवर टकटक केली की मासा दचकतो. ते त्याला नुसतं ऐकू येत नाही, अंगाला लागतं.

इथं कोणी जाणती व्यक्ती म्हणेल, "सगळं खरं. पण कोंडलेल्या जिवाकडं बघून कसला आनंद?" प्रश्न योग्य आहे, आणि तो झटकून टाकू नये. एकाच रेषेत सारख्या येरझारा घालणारं जनावर दिसलं, तर ते मजेत नाही असं समजावं. त्याला काम नाही, आडोसा नाही, मन रमत नाही. जुन्या काळचे लोखंडी पिंजरे असेच होते. आता मोकळी आवारं, खंदक, झाडं, पाणी देण्याची रीत आली आहे, आणि १९९२ पासून देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करायला केंद्रीय प्राधिकरण आहे. तरी जे खटकतं ते मुलांना मोकळेपणी विचारू द्यावं. बाजारात जाणता माणूस लंगडणारा घोडा ओळखतोच ना?

पण दुसरी बाजूही ऐका. मंगोलियाच्या माळावर ताखी नावाचा रानघोडा असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो रानातून नाहीसा झाला. मात्र काही प्राणिसंग्रहालयांत त्याचा वंश राखलेला होता. जेमतेम डझनभर पूर्वजांपासून वाढलेली ही जात १९९२ पासून पुन्हा तिच्या माळावर सोडण्यात आली. आज तिथं तिची पिल्लं जन्मतात. आता आपल्या माळाकडं बघा. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात १९७९ साली अभयारण्य झालं, आणि आज तिथं माळढोक दिसणं जवळजवळ थांबलं आहे. राजस्थानात जैसलमेरकडं २०१९ पासून त्याची अंडी गोळा करून, उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे. ज्या पक्ष्याला आपल्या आजोबांनी जोंधळ्याच्या रानात पाहिलं, त्याची पिल्लं आज माणसाच्या हातांवर अवलंबून आहेत. कोंडलेला जीव कधी कधी उद्याचं बियाणं असतो, तो असा.

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. शेतकऱ्याची जनावरावरची माया हातातून व्यक्त होते. बेंदराला आपण बैलाला पुरणपोळी देतो, त्याची पाठ थोपटतो. तीच सवय घेऊन आपण बागेत जातो, आणि माकडाला शेंगा, हरणाला बिस्किटं टाकतो. त्यात प्रेम आहे, पण तिथं ते घातक ठरतं. २०२५ च्या जुलैत कात्रजला पंधराच्या वर चितळं मेली. तपासणीत निघालं लाळ्या-खुरकूत, आपल्या गोठ्यातला जुना वैरी. बंद आवारात रोग शिरला तर जनावरांना पळायला रान नसतं. म्हणून त्यांच्या खाण्यात बाहेरचा घास नको. त्यांना चिडवणं, खायला टाकणं, आरडाओरडा करणं, कचरा टाकणं हा कायद्यानंही गुन्हा आहे. आणि खडा मारून झोपलेल्या वाघाला उठवणारा मुलगा त्या दिवशी वाघाविषयी काहीच शिकत नाही. दुबळ्याला छळता येतं, एवढंच शिकतो. तिथं हात बांधायचे आणि डोळे उघडायचे.

गुरुजींना आणि बाईंना एवढंच सुचवतो. सहलीआधी प्रत्येक मुलाला आपलं आवडतं एकच जनावर निवडू द्या आणि त्याच्याविषयी तीन प्रश्न वहीत लिहायला सांगा. जमलं तर बागेत सकाळी पोहोचा. ऊन चढलं की बरीच जनावरं सावलीला जाऊन झोपतात. सगळी जनावरं बघायचा हट्ट धरू नका. पाच बघा, पण प्रत्येकापुढं वीस मिनिटं थांबा. परतीची गाडी इंदापूरच्या वाटेनं आणली आणि दिवस थंडीचे असले, तर भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी दिसतील. तिथं भिंत नाही, कुंपण नाही आणि तिकीटही नाही. घरी आल्यावर मुलांना वहीत दोन रकाने करायला सांगा: एक 'मी ऐकलं होतं' आणि दुसरा 'मी पाहिलं'.

त्या दुसऱ्या रकान्यात 'मोठा होता' याच्या पुढं चार ओळी आल्या, तर आजीलाही ऐकायला मजा येईल, आणि पुढच्या खेपेला ती म्हणेल, "मलाही न्या रे."