कंटाळवाणं काम आणि आपण: तीन अभ्यास काय सांगतात

एम.एस्सी. झाल्यावर आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळण्याआधी मी अकरा महिने कॉन्ट्रॅक्टवर काम केलं. घरचे सगळ्यांना सांगायचे, ‘पोरगी आयटीत लागली.’ प्रत्यक्षात सिडको बसस्टँडहून शेअर रिक्षानं चिकलठाण्याला जायचं आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं. डावीकडे जमिनीच्या जुन्या कागदाचा स्कॅन, उजवीकडे रिकाम्या चौकटी. गाव, गट नंबर, वर्ष, कागदाचा प्रकार. भरा, सेव्ह करा, पुढचा घ्या. प्रोग्रॅमिंगचा संबंध शून्य.

तिसऱ्या आठवड्यात मला वाटायला लागलं की दोष माझ्यातच आहे. बाकीचे निवांत काम करतात, मलाच कंटाळा का येतो? मग एक दिवस सरांनी बोलावून एक गठ्ठा दाखवला. गावाच्या चौकटीत आधीच्या गठ्ठ्यातलं नाव तसंच राहिलं होतं आणि मी ते न बदलता पुढे गेले होते. अख्खा गठ्ठा दुसऱ्याच गावाच्या नावावर. उद्या त्यातला कागद कुणी शोधला असता, तर उत्तर आलं असतं, ‘नोंद उपलब्ध नाही.’ कागद असूनही नाही. ज्याच्या वाटणीचा वाद चालू आहे, त्याला हे केवढ्याला पडलं असतं?

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला. कंटाळ्यावर संशोधन झालंय का? झालंय, आणि भरपूर. त्यातले तीन अभ्यास सांगते.

पहिला: घड्याळ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतले रडार ऑपरेटर पाणबुड्या शोधत तासन्‌तास पडद्याकडे बघत बसायचे आणि काही वेळानं खुणा हुकायच्या. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी याची प्रयोगशाळेत तपासणी केली. एक काटा दर सेकंदाला एक टप्पा सरकतो, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारतो. उडी दिसली की बटण दाबायचं. बैठक दोन तासांची. 1948 साली त्यांनी निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या हुकण्याचं प्रमाण स्पष्ट वाढतं. याला सतर्कतेची घसरण म्हणतात. म्हणजे लक्ष उडणं हा स्वभावदोष नाही. शोधायची गोष्ट दुर्मीळ असली आणि बघणं अखंड असलं की हे होतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला निजामकाळापासूनचे कागद तपासले गेले. ऑक्टोबरअखेर सरकारनं जाहीर केलेला आकडा असा होता: सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासले, त्यात 11,530 नोंदी सापडल्या. म्हणजे साधारण दीड हजार कागदांमागे एक नोंद. त्या एका नोंदीवर कुणाचा तरी दाखला अवलंबून. राजकीय बाजू काहीही असो, मला यात मॅकवर्थचं घड्याळच दिसतं. फक्त इथे काट्याच्या जागी माणसं आहेत.

दुसरा: केळ्याची वेळ. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय एका कारखान्यात स्वतः मशीन ऑपरेटर म्हणून राहिले. दिवस लांबलचक, काम म्हणजे साचा ठेवायचा, दाबायचा, तुकडा काढायचा. आधी त्यांनी स्वतःशीच खेळ मांडला: एका रंगाचे ठरावीक तुकडे झाले की मगच दुसरा रंग घ्यायचा. मग लक्षात आलं की शेजारचे कामगारही दिवसाचे तुकडे पाडतात. रोज एक जण दुसऱ्याच्या डब्यातलं केळं पळवायचा आणि ‘केळ्याची वेळ झाली’ म्हणून ओरडायचा. असेच इतरही ठरलेले प्रसंग होते. वरवर पोरकटपणा, पण दिवस त्यावर पुढे सरकायचा. मध्यंतरी गटात बिनसलं आणि हे प्रसंग बंद पडले, तेव्हा रॉय यांना थकवा जास्त जाणवू लागला. पद्धतीच्या दृष्टीनं हे सहभागी निरीक्षण. लांबून प्रश्नावली वाटली असती, तर केळं दिसलंच नसतं.

तिसरा: पाच गोष्टी. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी 1976 च्या लेखात विचारलं, काम मुळात रटाळ कशामुळे होतं? त्यांनी पाच बाजू मांडल्या: वेगवेगळी कौशल्यं लागतात का, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातात असतं का, त्याचा कुणावर परिणाम होतो का, ठरवण्याची मोकळीक आहे का, आणि काम कसं झालं ते कळतं का.

माझ्या कामाला ही पट्टी लावली आणि डोळे उघडले. परिणाम मोठा होता, पण तो मला दिसतच नव्हता. चुकांचा अहवाल वर जायचा, आमच्यापर्यंत यायचा नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाच्या हातात कामाचा मधलाच तुकडा येतो. कागद कुठून आला आणि पुढे कुठे जातो, हे त्याला सांगणं कुणाला गरजेचं वाटत नाही.

मग मी काय केलं? शेजारच्या टेबलवरच्या ताई आधीच सांगत होत्या, ‘अगं, अर्ध्या तासानं उठत जा. नाहीतर डोळे बघतात, पण दिसत काही नाही.’ मॅकवर्थ न वाचता त्यांना हे कळलं होतं. मी उठायला लागले. गठ्ठा बदलला की गावाचं नाव मोठ्यानं वाचायचं ठरवलं. एका वहीत, कोणत्या तासाला किती चुका स्वतःच्या स्वतः पकडल्या, ते लिहू लागले. दुपारच्या जेवणानंतरचे तास वाईट निघाले, म्हणून अवघड हस्ताक्षराचे कागद सकाळी घेतले. शेवटी सरांना विनंती केली की चुकांची यादी आम्हालाही दाखवा. आठवड्यातून एकदा दाखवू लागले.

माझी वही म्हणजे पुरावा नव्हे. एकच माणूस, मोजणारी तीच, आणि न पकडलेल्या चुका त्यात येणारच नाहीत. पण त्या वहीतून मला संशोधनाचा प्रश्न मिळाला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. या युक्त्यांनी पगार वाढला नाही, कॉन्ट्रॅक्टही पुढे वाढलं नाही. काम सहन करता येणं वेगळं आणि काम चांगलं असणं वेगळं. पाचपैकी दोन-तीन गोष्टी आपल्या हातात असतात, बाकीच्या काम वाटणाऱ्याच्या. जे आपल्या हातात नाही त्याचं खापर स्वतःवर फोडू नका.

पेटची तयारी करणाऱ्यांना हे सगळं का सांगतेय? कारण पीएच.डी.चा मोठा भाग असाच असतो. तीनशे प्रश्नावल्या एक्सेलमध्ये भरणं, मुलाखती ऐकून शब्दन्‌शब्द उतरवणं, जुन्या अंकांची पानं उलटणं. विषय निवडताना आपण फक्त रंजक भाग बघतो. गाइडला भेटायला जाल तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता, आणि तो रोज किती वेळ करता? उत्तर ऐकून तो भाग दोन दिवस स्वतः करून बघा. वीस प्रश्नावल्या भरा, एक मुलाखत उतरवा. सोबत वही ठेवा. कुठे चुकता ते कळेल, आणि हा विषय तुम्हाला झेपेल का, तेही.