सिसिंगहर्स्टची पांढरी बाग

लंडनच्या चेरिंग क्रॉसवरून गाडी पकडली की तासाभरात स्टेपलहर्स्ट येतं. तिथून केंटच्या शेतांमधून थोडं पुढे गेलं की सिसिंगहर्स्ट कासल. नावावरून तटबंदी शोधायला जाल तर फसाल. गुलाबी विटांचा एक उंच मनोरा आणि आसपास विखुरलेल्या तीन-चार इमारती, एवढाच हा किल्ला. इतिहास उरकून टाकतो: १५७३ मध्ये पहिली एलिझाबेथ इथल्या वाड्यात मुक्कामाला होती, सप्तवार्षिक युद्धात फ्रेंच कैदी इथे कोंडले होते आणि त्यांच्यावरच्या पहाऱ्यात पुढे मोठा इतिहासकार झालेला एडवर्ड गिबन होता. नंतर वाडा बराचसा पाडला गेला.

१९३० मध्ये ते भग्नावशेष विकत घेतले कवयित्री व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरल्ड निकल्सन यांनी. व्हिटा आईबापांची एकुलती एक. पण मुलगी, म्हणून नोल हा तिचा अवाढव्य वडिलोपार्जित वाडा काकाकडे गेला. ही सल तिला जन्मभर होती, आणि मला वाटतं, इथल्या प्रत्येक वाफ्याला ती थोडीफार चिकटली आहे. हॅरल्डनं यूच्या कुंपणांनी आणि सरळ वाटांनी बागेच्या खोल्या पाडल्या, व्हिटानं त्या ठासून भरल्या. हॅरल्डची शिस्त कळायला मनोऱ्यावर चढावंच लागतं. मूळच्या भिंती कुठेच काटकोनात नाहीत, आणि खालून फिरताना ते जराही जाणवत नाही.

आता माझी लाडकी पांढरी बाग. या कुटुंबाचं घर तुकड्यातुकड्यांत होतं: झोपायचं एका घरात, जेवायचं दुसऱ्यात, व्हिटाचं लिहिणं मनोऱ्यात. रात्री जेवायला जायचं म्हणजे बाग ओलांडूनच. तिन्हीसांजेला लाल-जांभळी फुलं काळवंडतात, पांढरी मात्र उजळतात. आपल्याकडे मोगरा-निशिगंधाशी ज्यांची ओळख आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. १९५०च्या सुमारास व्हिटानं जेवणघराजवळचा हा चौक पांढऱ्या फुलांना दिला.

जगभर या बागेच्या नकला झाल्या, आणि बहुतेक फसल्या असं माझं मत. लोक फुलं मोजतात. इथे खरं काम पानांचं आहे: आर्टेमिसियाची राखाडी झालर, रुपेरी पेअरच्या लोंबत्या फांद्या, स्टॅकिसची जाड पानं. स्टॅकिसचं पान बोटांत धरा, दोन्ही बाजूंनी मऊ पांढरी लव. उन्हात ती चमकते, हिरवा रंग खाली दबून राहतो. ही राखाडी साय नसती तर पांढरी फुलं नुसती धुतलेल्या कपड्यांसारखी दिसली असती. मधोमध मंडपावर रोझा मुलिगानी हा गुलाबाचा वेल चढलेला आहे. जुलैच्या सुरुवातीला तो ओसंडून फुलतो. आधी हा वेल बदामाच्या झाडांवर सोडला होता. त्यानं ती झाडं गुदमरवून मारली, म्हणून आता लोखंडी सांगाडा आहे!

व्हिटा १९६२ मध्ये गेली, १९६७ मध्ये बाग नॅशनल ट्रस्टकडे आली. पण १९५९ पासून १९९० पर्यंत ती सांभाळली पॅमेला श्वेर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर या दोघींनी. पर्यटक वाढले तसा त्यांनी फुलोरा शरदापर्यंत लांबवला, विरळ जागा भरल्या, रोपांची निवड कडक केली. आज आपण जी बाग बघून भारावतो, तिच्यात या दोघींचा वाटा व्हिटाइतकाच असेल. माहितीपुस्तिकांत मात्र त्यांना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही, आणि व्हिटाच्या प्रेमप्रकरणांना पानंच्या पानं.