बालकाचा भावनिक बंध आणि वडिलांची भूमिका

बालकाचा भावनिक बंध आणि वडिलांची भूमिका हा बालमानसशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. भीती, वेदना किंवा थकवा जाणवताच बालक ज्या व्यक्तीकडे आधारासाठी धाव घेते, तिच्याशी जडलेल्या स्थिर नात्याला भावनिक बंध म्हणतात. असा बंध प्रामुख्याने आईशीच जुळतो, असे दीर्घकाळ मानले जाई. वडीलही बालकाचे स्वतंत्र आधारस्थान ठरू शकतात, हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. रोजगारासाठी वडिलांना घर सोडावे लागते अशा गोंदियासारख्या जिल्ह्यात या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे.

संशोधन

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या सिद्धांताचा पाया घातला. १९५१ मधील आपल्या अहवालात त्यांनी वडिलांचे महत्त्व मुख्यतः आईला आर्थिक व मानसिक आधार देण्यापुरते मानले होते. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगो येथील ६० बालकांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे ७५ टक्के बालकांचा दीड वर्षाच्या वयापर्यंत वडिलांशी बंध जुळलेला आढळला. बालकाबरोबर किती वेळ घालवला यापेक्षा त्याच्या हाकेला किती तत्परतेने प्रतिसाद दिला, हे अधिक निर्णायक ठरले. मेरी मेन व डोना वेस्टन यांच्या १९८१ मधील अभ्यासानुसार, बालकाचे आईशी व वडिलांशी असलेले बंध परस्परांहून भिन्न असू शकतात; एक असुरक्षित असला तरी दुसरा सुरक्षित असू शकतो.

गोंदिया जिल्ह्यातील संदर्भ

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भात हे येथील मुख्य पीक आहे. सिंचनाची सोय नसलेल्या भागात भाताच्या कापणी-मळणीनंतर शेतीचे काम कमी होते आणि अनेक मजूर बांधकामासारख्या कामांसाठी बाहेरगावी जातात. लहान मूल अशा वेळी आई व आजी-आजोबांजवळ वाढते. काही महिन्यांनी परतलेल्या वडिलांकडे तान्हे मूल परक्याप्रमाणे पाहते, त्यांच्या कडेवर जाण्यास रडते. हा माया आटल्याचा पुरावा नसून तुटलेल्या सहवासाचा परिणाम असतो. बळजबरीने उचलून न घेता मुलाच्या कलाने जवळ गेल्यास बंध पुन्हा जुळू शकतो.

उन्हाळ्यातील तेंदूपत्ता हंगामात याउलट चित्र दिसते. पहाटे जंगलातून आणलेल्या पानांचे पुडे घरोघरी कुटुंबातील माणसे मिळून बांधतात. काम करता करता मुलाशी बोलणे, त्याला भरवणे, निजवणे यांतूनही बंध दृढ होतो; त्यासाठी वेगळी सवड लागतेच असे नाही.

कायदेशीर तरतुदी

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा लागू झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. शेतमजूर, बांधकाम मजूर अशा असंघटित क्षेत्रातील वडिलांना मात्र अशा पगारी रजेचा लाभ मिळत नाही.