बांबूचे बेट आणि मजुरीचा दर

जंगल का उजाड होते, असे विचारले की वनस्पतिशास्त्रज्ञ मातीकडे पाहतो आणि वनाधिकारी कुऱ्हाडीकडे. आम्ही मजुरांच्या चळवळीतली माणसे; आमची नजर आधी मजुरीच्या पद्धतीकडे जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उत्तराचा मोठा भाग तेथेच सापडतो, असे आमचे मत आहे.

बांबूचे बेट घ्या. नवे कोंब, ज्यांना आपल्याकडे वास्ते म्हणतात, ते पावसाळ्यात बहुधा बेटाच्या कडेला फुटतात. जून बांबू आत राहतात. शास्त्र सांगते, आतले जून काढा, कडेचे कोवळे राखा. पण आत शिरायचे तर गुंतलेले बांबू सोडवावे लागतात, त्यात वेळ मोडतो. मजुरी नगावर मिळत असेल तर ज्याला संध्याकाळी चूल पेटवायची आहे तो कडेचाच बांबू तोडणार. हा त्याचा लोभ नव्हे, हिशेब आहे. बेट आतून गच्च होते, बाहेरून ओकेबोके. आणि दोष मात्र अडाणी आदिवासीच्या माथी!

अडाणी कोण, याचीही एक गोष्ट आहे. १९७५ च्या सुमारास डॉ. माधव गाडगीळ कर्नाटकात बांबूचा अभ्यास करीत होते. बेट मोकळे वाढावे म्हणून तेथे त्याच्या बुडाचे काटेरी आवरण साफ केले जाई. गावकरी म्हणत, काटे गेले की गुरे कोंब खातात. अभ्यासाअंती गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला वृक्ष मानले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात घातला. त्याच्या आधारे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासह या गावाने त्याआधी कित्येक वर्षे अभ्यासगट चालविले होते, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसंमतीने घेण्याची सवय लावली होती. कागद नंतर आला.

पण आम्हाला अधिक विचार करायला लावले ते चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने. गोंडपिपरी तालुक्यातील या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरांवर हक्क मिळाला. ग्रामसभेने स्वतःचे नियम केले, सुमारे ३४ हेक्टर जंगल अजिबात न तोडता राखून ठेवले, आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले. कारण पाने यावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. मग तेंदूची फळे ना माणसांना मिळतात, ना पाखरांना. आता तेंदू म्हणजे ऐन उन्हाळ्यातली रोख मजुरी. मजुराने आपल्या हाताने मजुरी सोडावी, हे ऐकून आम्ही प्रथम दचकलोच! आमचे सारे आयुष्य ती वाढवून मागण्यात गेले. पण पाचगावला बांबूचे काम मिळाले होते, त्या कामाचा हिशेबही गावच ठेवीत होते. म्हणून तेंदू सोडणे परवडले.

जंगलाच्या आराखड्यात झाडे मोजतात, तशी मजुरीही मोजावी: नगावर की दिवसावर, किती दिवसांची, पैसा कोणाच्या हातून जातो. बेट सुधारायचे असेल तर हा रकाना आधी भरावा लागेल. आणि ज्या गावाजवळ बांबूच नाही, त्याला तेंदू सोडा म्हणून सांगायला आम्ही तरी जाणार नाही.