चौकडी कुणाची? स्कॉटलंडचं टार्टन आणि आमच्या गाड्यांच्या क्लबाचं कापड

आजचा विषय कापडाचा आहे, पण निमित्त गाड्यांचं आहे.

इथे आमचा जुन्या गाड्यांचा एक छोटासा क्लब आहे. ॲम्बॅसेडर आहेत, पद्मिनी आहेत, एक-दोन जीप आहेत. आणि म्हैसूर म्हटल्यावर जावा-येझदी या मोटरसायकली असणारच, कारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९६ पर्यंत त्या याच गावात बनत होत्या. यंदा सगळ्यांच्या गळ्यात एकसारखा रुमाल असावा असं ठरलं. कुणीतरी सुचवलं, "टार्टन करू या!" लगेच मोबाइलवर एक देखणी तयार चौकडी निवडूनही झाली. गर्द निळा-हिरवा रंग आणि त्यावर लाल-पांढऱ्या बारीक रेघा. मी म्हटलं, छापायच्या आधी एवढं बघू या, की ही चौकडी कुणाची आहे? त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती आलं, ते आज तुम्हाला सांगतो.

टार्टन म्हणजे नेमकं काय?

चौकडीचं कापड आपल्याला नवं नाही. लुंगी घ्या, नारायणपेठी लुगडं घ्या. मग टार्टनमध्ये वेगळं काय?

पहिली गोष्ट, टार्टनमध्ये रंगांच्या पट्ट्यांचा एक ठरलेला क्रम असतो. प्रत्येक पट्टीत किती धागे हे मोजून लिहिलेलं असतं. या क्रमाला 'सेट' म्हणतात. दुसरी गोष्ट, तोच क्रम ताण्यात आणि तोच बाण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांतही आणि आडव्या धाग्यांतही. तिसरी, बहुतेक टार्टनमध्ये हा क्रम एका पट्टीपर्यंत जातो आणि तिथून आरशात दिसावा तसा उलटा परत येतो. चौथी, वीण साधी नसून ट्विलची असते. जीन्सच्या कापडावर तिरक्या रेघा दिसतात ना, तीच ही वीण.

यातली खरी गंमत रंगांच्या मिसळण्यात आहे. लाल ताण्यावर लाल बाणा आला की शुद्ध लाल दिसतो. लालवर काळा आला की दोन्हींमधली तिसरीच छटा दिसते. चार रंग घेतले तर चार शुद्ध आणि सहा मिश्र, अशा दहा छटा होतात. सहा रंग घेतले तर एकवीस. म्हणून रंग जितके वाढवाल तितकं कापड गढूळ दिसू लागतं.

किती प्रकार?

सगळ्यांना माहीत असतात ती कुळांची टार्टन: मॅकेंझी, कॅम्पबेल, मॅकडोनाल्ड वगैरे. एकाच कुळाची अनेक टार्टन असू शकतात. 'हंटिंग' म्हणजे हिरव्या-तपकिरी रंगांचं, रानात मिसळून जाईल असं. 'ड्रेस' म्हणजे पांढऱ्या जमिनीवरचं, समारंभाचं. याशिवाय जिल्ह्यांची, लष्करी पलटणींची आणि कंपन्यांची टार्टन वेगळी.

दुकानात 'मॉडर्न', 'एन्शन्ट' आणि 'वेदर्ड' असे शब्द दिसतात. त्यांनी फसू नका. ती वेगळी नक्षी नाही, त्याच नक्षीच्या रंगछटा आहेत. 'मॉडर्न' म्हणजे रासायनिक रंगांची गडद छटा, 'एन्शन्ट' म्हणजे जुन्या वनस्पती-रंगांची आठवण देणारी फिकी छटा, आणि 'वेदर्ड' म्हणजे ऊनपाऊस खाल्ल्यासारखी. 'एन्शन्ट' लिहिलेलं कापड गेल्या महिन्यात विणलेलं असू शकतं.

खरंच इतकं प्राचीन आहे?

चौकडीचं कापड म्हणून टार्टन नक्कीच जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लेन ॲफ्रिक इथल्या दलदलीत सापडलेला एक तुकडा सोळाव्या शतकातला ठरला आहे. पण 'अमुक कुळाचं अमुक टार्टन' ही व्यवस्था बरीच अलीकडची.

१७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँड भागातल्या बंडखोरांचा पराभव झाला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने तिथल्या पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घातली. ती १७८२ पर्यंत टिकली. मात्र सरकारच्या फौजेतल्या हायलँड पलटणींना सूट होती. म्हणजे गावात जो वेश घातला तर शिक्षा, तोच वेश सरकारची चाकरी धरली की गणवेश!

बंदी उठल्यावर फॅशन आली. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीने शेकडो नमुने बाजारात आणले. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. सर वॉल्टर स्कॉटने त्या स्वागताचा थाट मांडला, आणि प्रत्येक कुळाला आपलं वेगळं टार्टन हवंसं झालं. आज मॅकफर्सन कुळाचं म्हणून ओळखलं जाणारं एक टार्टन विल्सनच्या वहीत आधी नुसत्या नंबराने होतं, मग एका गिऱ्हाइकाच्या नावाने 'किड' झालं आणि शेवटी मॅकफर्सन. पुढे १८४२ मध्ये दोन भावांनी एका जुन्या हस्तलिखिताच्या नावावर कुळांच्या टार्टनचं पुस्तक छापलं. ते हस्तलिखित बनावट होतं असं नंतर अभ्यासकांनी दाखवलं. तरी त्यातली कित्येक टार्टन आज लोक अभिमानाने घालतात.

मग हे सगळं खोटं का? मला तसं वाटत नाही. आठ-आठ पिढ्या ज्या कापडात लग्नं लागली आणि माणसांना निरोप दिले गेले, ते कापड त्या लोकांचं झालंच. फक्त 'हजारो वर्षांची परंपरा' असं कुणी सांगितलं तर तेवढं मान्य करू नका.

श्रीरंगपट्टणला आलेलं टार्टन

आता आमच्या क्लबाने निवडलेल्या चौकडीकडे येऊ. ती निघाली मॅकेंझी टार्टन. ब्लॅक वॉच पलटणीच्या गर्द निळ्या-हिरव्या-काळ्या सरकारी टार्टनवर लाल आणि पांढरी रेघ घालून ते झालं. १७७७-७८ मध्ये जॉन मॅकेंझी उर्फ लॉर्ड मॅकलाउडने उभी केलेली पलटण ते वापरत असे. आणि ही पलटण कुठे आली? १७८० साली मद्रासला, हैदरअलीशी लढायला.

त्याच वर्षी पोळ्ळिलूरच्या लढाईत या पलटणीच्या तुकड्या हैदर आणि टिपूच्या फौजेपुढे चिरडल्या गेल्या. तिचा एक कॅप्टन, डेव्हिड बेअर्ड, कैद होऊन श्रीरंगपट्टणला आला आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ तिथे अडकून पडला. पुढे १७९२ च्या वेढ्यात हीच पलटण ७१ वी या नव्या क्रमांकाने कॉर्नवॉलिसबरोबर श्रीरंगपट्टणपुढे होती. शेजारीच हरिपंत फडक्यांची मराठा फौज होती. आणि ४ मे १७९९ रोजी टिपू पडला त्या अखेरच्या हल्ल्याचं नेतृत्व याच बेअर्डने केलं. त्या दिवशी ७३ वी आणि ७४ वी या स्कॉटिश पलटणी होत्या.

महाराष्ट्रातल्या मंडळींनाही हे जवळचं आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्ली लढला. तेव्हा त्याच्याकडे ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. ७८ वीचं टार्टनही मॅकेंझीच. आपल्याकडच्या उकाड्यात हे सैनिक कित्येकदा किल्ट बाजूला ठेवून विजारी घालत, पण पलटणीची खूण तीच.

आता तुम्हीच सांगा. आमचा क्लब दर महिन्याला गाड्या घेऊन श्रीरंगपट्टणच्या तटाशी जातो. तिथे ती चौकडी गळ्यात बांधून उभं राहायचं का? कायद्याने कुणी अडवणार नाही. कुळांची टार्टन इतरांनी घातली तरी स्कॉटलंडमध्येही सहसा कुणी हरकत घेत नाही. पण आपण काय बांधलंय हे बांधणाऱ्याला ठाऊक असावं. हे सगळं ऐकल्यावर क्लबात बराच वेळ शांतता होती. मग आमचे सगळ्यात वडीलधारे सभासद म्हणाले, "आपलं आपण करू."

आपलं टार्टन कसं करायचं?

गाडी आणि टार्टन यांचं नातं तसं नवं नाही. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या सीटवरची प्रसिद्ध चौकडी गुन्हिल्ड लिलयेक्विस्ट या डिझायनर बाईंनी केली होती. आम्ही मात्र रंग गावातून घेतले. जावाचा मरून, डांबराचा काळा, क्रोमचा राखाडी आणि चंदनाचा फिका पिवळा.

पहिला आराखडा असा: मरून ४८ धागे, काळा २०, राखाडी ८, चंदनी ४. मरून आणि चंदनी या टोकाच्या पट्ट्या, तिथून क्रम उलटा फिरतो. म्हणजे काळा आणि राखाडी दोनदा येतात. ४८ + ४० + १६ + ४, एकूण १०८ धाग्यांची एक फेरी. सेंटीमीटरला १८ धागे धरले तर चौकडी ६ सेंटीमीटरची.

आता हिशेब बघा. शुद्ध मरून किती दिसणार? १०८ पैकी ४८ उभे आणि तितकेच आडवे, म्हणजे कापडाच्या सुमारे २० टक्के. मरून आणि काळ्याची मिसळ किती? तब्बल ३३ टक्के! जावाचा रंग हवा म्हणून बसलो आणि जास्त जागा काळपट तपकिरीने घेतली. मग काळा २० वरून ८ वर आणला. फेरी ८४ धाग्यांची झाली, शुद्ध मरून जवळजवळ ३३ टक्के आणि मिसळ २२ टक्के. आता लांबूनही मरून दिसतो. कागदावर पट्ट्या रंगवून हे कळत नाही, गुणाकार करावा लागतो. किंवा हातमागावर वीतभर नमुना विणून बघावा, ते सगळ्यात उत्तम.

नोंदणीचं काय?

स्कॉटलंडमध्ये २००८ च्या कायद्याने टार्टनची सरकारी नोंदवही सुरू झाली. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ती सांभाळतं. जगातला कुणीही फी भरून अर्ज करू शकतो. धाग्यांची मोजणी, रंग आणि चित्र द्यावं लागतं. नक्षी आधीच्यांपेक्षा पुरेशी वेगळी हवी आणि दिलेल्या नावाशी आपला संबंध दाखवता आला पाहिजे. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे 'सिंग' टार्टन. स्कॉटलंडमधल्या एका शीख उद्योजकाने ते १९९९ मध्ये करून घेतलं.

पण एक लक्षात ठेवा. या नोंदणीने मालकी हक्क मिळत नाही. म्हैसूर सिल्कला भौगोलिक मानांकनामुळे कायद्याचं संरक्षण आहे, तसं हे नाही. ही फक्त नोंद: अमुक लोकांनी, अमुक साली, अमुक कारणाने ही चौकडी केली.

आमच्या क्लबाला तेवढं पुरेसं वाटलं. अर्जात कारण लिहायला जागा असते. तिथे आम्ही प्राचीन वारसा वगैरे काही लिहिणार नाही. म्हैसूरला बनलेल्या आणि अजून चालणाऱ्या गाड्यांसाठी, एवढंच.

तुमच्या गावच्या चौकडीला काय म्हणतात? बेळगाव, इंदूर, बडोदा, तंजावर, जिथे असाल तिथून जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.