गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या दाखवणारे पेप्टाइड

‘गाठ आहे तेवढीच आहे,’ असा सीटी स्कॅनचा अहवाल हाती पडला की बोरिवलीहून किंवा मुलुंडहून लोकलने परळ गाठणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो : मग एवढे महागडे औषध लागू पडतेय की नाही? बेव्हॅसिझुमॅबसारख्या औषधाबाबत याचे उत्तर देणे डॉक्टरांनाही जड जाते. हे औषध कर्कपेशींना थेट मारत नाही, गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटणे रोखते. त्यामुळे औषध काम करत असूनही गाठ लगेच लहान होईल असे नाही. सीटी स्कॅन मात्र मुख्यतः आकारच मोजतो.

नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. या नव्या वाहिन्यांच्या आतल्या पेशींवर ‘इंटेग्रिन अल्फा-व्ही बीटा-३’ नावाचे प्रथिन भरपूर असते. शांत, जुन्या वाहिन्यांवर ते फारसे नसते. ते पकडायचे कशाने? १९८४ मध्ये पिअर्शबाखर आणि रुओस्लाहटी यांनी दाखवले की, पेशी आधाराला चिकटतात त्या आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्यामुळे. त्याचे लघुरूप ‘आरजीडी’. हा तुकडा असलेली साखळी वळवून कडे केले की ते इंटेग्रिनला अधिक घट्ट बसते आणि रक्तात लवकर तुटत नाही. त्याला किरणोत्सारी अणू जोडून शिरेतून द्यायचे आणि ते कुठे साठते हे कॅमेऱ्याने पाहायचे. मात्रा इतकी सूक्ष्म की तिचा औषध म्हणून परिणाम होत नाही.

मुंबईकरांसाठी हे काम परके नाही. चेंबूरपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी अशी आरजीडी पेप्टाइड किरणोत्सारी अणूंना जोडून उंदरांमधील गाठींवर तपासली आहेत. कोणता अणू जोडायचा, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मे होते आणि त्याला पेट स्कॅनर लागतो. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तास, आणि त्याला साधा गॅमा कॅमेरा पुरतो. सरकारी रुग्णालयाच्या हिशेबात हा फरक मोठा आहे.

अडचणीही आहेत. हेच इंटेग्रिन काही कर्कपेशींवर, सुजलेल्या सांध्यात, भरत आलेल्या जखमेतही सापडते. म्हणजे चमकणारा प्रत्येक ठिपका गाठीच्या रक्तवाहिनीचा नसतो. याच कड्याचे ‘सिलेंगिटाइड’ हे औषधही बनवले गेले. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावरील मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. कुलपात किल्ली बसली म्हणून दार बंद होतेच असे नाही! चित्र काढायला मात्र किल्ली बसणे पुरेसे असते.

न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी गॅलियम जोडलेल्या डोटाटेट पेप्टाइडची तपासणी मुंबईत आज नित्याची आहे. आरजीडी अजून त्या टप्प्यावर नाही. माणसांवर अभ्यास झाले, पण रोजच्या उपचारात ते आलेले नाही. कर्करोगासाठी सहसा लिहून दिला जाणारा पेट स्कॅन पेशी किती साखर ओढतात ते दाखवतो, रक्तवाहिन्या नव्हे. बेव्हॅसिझुमॅब सुरू असलेल्या रुग्णाचा अहवाल वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, आणि केवळ ‘गाठ तेवढीच’ या दोन शब्दांवरून औषध परस्पर थांबवू नये.